फुलांच्या दरीला जाताय? आधी दोन रिकामे दिवस धरा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत उत्तराखंडातल्या ह्या दरीवर 'पाच दिवसांत व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' असा लेख आला होता. आम्ही आठ-दहा जण रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जातो, त्या ग्रुपवर तो लेख चार जणांनी फॉरवर्ड केला आणि तिघींनी तर मला फोनच केला, की तू दोनदा जाऊन आलीयेस ना, मग सांग हे बरोबर आहे का, बुकिंग करून टाकू का. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला लिहून पाठवतेय. चार ओळी लिहायला बसले होते, वाढत गेलं, तुम्हाला हवं तिथे कात्री लावा.

आधी फोटोचं बोलते नाहीतर मला चैन पडणार नाही. लेखासोबत अर्धं पान भरून जो फोटो छापलाय तो ट्यूलिपचा आहे हो. वाफ्यात ओळीने लावलेले लाल पिवळे ट्यूलिप. लेखात 'श्रीनगर' आलं म्हणून कोणीतरी काश्मीरचा फोटो उचलला असणार. हे श्रीनगर गढवालचं, हरिद्वारहून वर जाताना देवप्रयागच्या पुढे अलकनंदेच्या काठी लागतं. तिथे ट्यूलिप नाहीत, ट्रॅफिक जॅम आहे. असो, घाईत होतं असं, त्याबद्दल राग नाही.

राग आहे तो 'पाच दिवसांत' ह्या दोन शब्दांवर.

लेखातला प्लॅन असा: पहिल्या दिवशी हरिद्वार ते जोशीमठ, दुसऱ्या दिवशी गोविंदघाट करून दरीखालच्या घांघरिया गावात मुक्काम, तिसऱ्या दिवशी दरी, चौथ्या दिवशी सकाळी हेमकुंड साहिबचा गुरुद्वारा आणि तसंच खाली उतरायचं, पाचव्या दिवशी हरिद्वार, रात्रीची गाडी. कागदावर मस्त बसतं. मला तर वाचताना अंगावर काटाच आला कारण २०१७ च्या ऑगस्टमध्ये आम्ही अगदी ह्याच प्लॅनने गेलो होतो, एका टूरवाल्याबरोबर, पंधरा ऑगस्टच्या जोडून आलेल्या सुट्टीत. नाव सांगत नाही, बिचाऱ्याचा स्वभाव चांगला होता, गणित कच्चं होतं.

झालं काय, पहिल्याच दिवशी पिपळकोटीच्या पुढे गाड्यांची रांग. तिथे पागल नाला म्हणून एक जागा आहे, नावातच सगळं आलं, पाऊस पडला की वरून चिखल आणि दगड खाली येतात आणि रस्ता गायब होतो. आमच्या पुढे शंभर गाड्या, मागे शंभर. जेसीबी एका बाजूने उपसतोय आणि वरून तेवढंच परत येतंय, ड्रायव्हर लोक शांतपणे पत्ते खेळतायत कारण त्यांना हे रोजचं आहे, आणि आमच्यातले लोक दर दहा मिनिटांनी घड्याळ बघतायत. अंधार पडल्यावर काम थांबलं. मागे फिरून पिपळकोटीत जागा शोधली, एका खोलीत सहा जणी. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला रस्ता मोकळा झाला, गोविंदघाटला पोचेपर्यंत दिवेलागण, त्या वेळेला वर कोणी सोडत नाही आणि सोडलं तरी जाऊ नये. तिसऱ्या दिवशी चढून घांघरिया. म्हणजे तिसरा दिवस संपला आणि दरी अजून पुढेच. आणि पाचव्या दिवशी हरिद्वारहून परतीची गाडी, तिकीट कन्फर्म, एकवीस जणांचं.

मग चौथ्या दिवशी सकाळी सातला गेट उघडल्याबरोबर आत घुसलो आणि साडेदहाला परत गेटवर. जायला-यायलाच त्यातले अडीच तास. पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडला, भोजपत्राच्या झाडांमधून तो खडा चढ चढलो, धापा टाकत वर पोचलो तर समोर पांढरं धुकं. त्या धुक्यात पायापाशी जेवढी फुलं दिसली तेवढी पाहिली आणि टूरवाल्याने शिट्टी वाजवली. चला, चला, खाली उतरायचंय. हेमकुंड तर राहिलंच. उतरताना मी त्याला म्हटलं, अहो एक दिवस जास्त ठेवला असता तर? तो म्हणाला, "निसर्गापुढे कोणाचं चालतं मॅडम." परत आल्यावर पुढच्या वर्षीची त्याची जाहिरात पाहिली, तोच प्लॅन, तेच पाच दिवस. निसर्गापुढे कोणाचं चालत नाही हे ज्याला माहितीये त्याने निसर्गाला एक तरी दिवस द्यावा की नाही?

तुमच्या लेखातली खरी चूक हीच आहे आणि ती फक्त तुमची नाही, पॅकेज विकणारे सगळेच करतात, यूट्यूबवालेही. दरडीला ते नशीब म्हणतात, एखाद्यालाच येणारा वाईट अनुभव. तसं नाहीये ते. दरीचं राष्ट्रीय उद्यान उघडं असतं १ जून ते ३१ ऑक्टोबर. जूनमध्ये गेलात तर वाटेवर बर्फाचे पट्टे आणि फुलांची नुसती सुरुवात. सप्टेंबरच्या मध्यानंतर आकाश मोकळं, डोंगर स्वच्छ, रस्ताही बरा, पण फुलांचं बी धरून झालेलं, गवत पिवळं पडायला लागलेलं. भरगच्च फुलं जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्या-अखेरीपर्यंत. आणि तेव्हाच पाऊस. म्हणजे ज्या पावसाने दरी फुलते त्याच पावसाने रस्ता खचतो, दोन्ही एकाच ढगातून येतं, तुम्ही कितीही हुशारीने तारीख काढा, फुलं हवी असतील तर दरड सोबत घेऊनच निघावं लागतं. मग तिच्यासाठी दिवस धरायला नको का? आपण कोकणात गणपतीला जाताना घाटात किती वेळ जाईल ते धरून निघतो ना, तसंच आहे हे, फक्त घाट पावणेतीनशे किलोमीटरचा.

लेखात आणखी एक गोष्ट सुटलीये, कावड. जुलै-ऑगस्टमध्ये हरिद्वार सांगताना कावडयात्रेचा शब्दही नाही ह्याचं मला नवल वाटलं. तिकडचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो, आपल्या आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला बदलतो आणि आपला अमावस्येला. त्या पंधरवड्यात लाखो कावडिये गंगाजल न्यायला हरिद्वारला येतात, रस्ते वळवलेले, दिल्लीकडून येणारी बस कुठून फिरवतील सांगता येत नाही, हॉटेलात जागा नाही. हे सगळं संपतं त्यांच्या श्रावणातल्या शिवरात्रीला, म्हणजे आपल्या आषाढ अमावस्येच्या आदल्या दिवशी किंवा त्याच्या आसपास. म्हणून मी सगळ्यांना सोपं करून सांगते, गटारी झाली की निघा. आमचे हे म्हणतात गटारीचा एवढा सात्त्विक उपयोग आजपर्यंत कोणी केला नसेल. फक्त श्रावणाच्या आधी अधिक महिना येतो त्या वर्षी हे जमत नाही, गटारी पार ऑगस्टच्या मध्यावर जाते, त्या वर्षी उलट कावड सुरू व्हायच्या आत, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वर पोचायचं. कालनिर्णय भिंतीवर असतंच, बघून घ्यायचं. आणि पंधरा ऑगस्टच्या सुट्टीच्या वाटेला जाऊ नका, तेव्हा अर्धं दिल्ली आणि चंदीगड तिथेच असतं.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. मुंबईच्या एलटीटीहून हरिद्वारला थेट एसी गाडी आहे पण आठवड्यातून दोनच दिवस, त्यामुळे लोक आधी गाडीचे वार बघतात आणि त्यात डोंगर बसवतात. मी म्हणेन डोंगराचे दिवस आधी मोजा आणि मग गाडी शोधा, नाही मिळाली तर दिल्लीहून जा.

दुसऱ्यांदा आम्ही २०२४ ला गेलो, आपले आपण, सहा जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे. ४ ऑगस्टला गटारी झाली आणि ५ ला निघालो. सातारा ते सातारा अकरा दिवस, त्यात दोन दिवसांसमोर वहीत मी काहीच लिहिलं नव्हतं. एक घांघरियाला वर आणि एक खाली, परतीच्या गाडीच्या आधी. हे दोन्ही दिवस एकाच ठिकाणी ठेवायचे नाहीत बरं का. वरचा दिवस हवामानासाठी, कारण दरीत पोचलात आणि दिवसभर पाऊस-धुकं असलं तर दुसरा चान्स हवा. खालचा रस्त्यासाठी. जाताना रस्ता अडला तर खालचा दिवस आधीच खर्ची पडतो आणि तरी वरचा शिल्लक राहतो. नाहीच काही अडलं तर दोन्ही दिवस बोनस. आमच्यातल्या एकाने, निवृत्त बँकवाले आहेत, ह्याला 'कंटिन्जन्सी' नाव दिलं आणि प्रवासभर तो शब्द वापरून आम्हाला पिडलं.

हरिद्वार ते जोशीमठ एका दिवसात मारायचं हेही मला पटत नाही. गाडीवाला नेतो, पहाटे चारला निघून बारा तासांत नेतो, पण रात्रीची वाहतूक बंद असते आणि मध्ये दोन तास जरी अडकलात की संध्याकाळ कुठे होईल ते तुमच्या हातात राहत नाही. आम्ही रुद्रप्रयागला थांबलो. अलकनंदा आणि मंदाकिनीचा संगम बघितला, जेवलो, नऊला झोपलो, दुसऱ्या दिवशी ताजेतवाने. जोशीमठही जरा फिरून पाहिलं. जानेवारी २०२३ मध्ये घरांना तडे गेल्याच्या बातम्या सगळ्यांनीच वाचल्या होत्या, पण भिंतीवर लाल फुली मारलेलं कुलूपबंद घर समोर बघणं वेगळं. आपण तिथे पर्यटक म्हणून गरम पाणी किती वाजता येतं विचारत असतो, जरा लाजल्यासारखं होतं.

जोशीमठहून गोविंदघाट वीसेक किलोमीटर, तिथून पुलना गावापर्यंत शेअर जीप, आणि पुलनाहून घांघरिया साधारण दहा किलोमीटर पायी. अलकनंदेवरचा गोविंदघाटचा पूल मार्च २०२५ मध्ये वरून दरड पडून तुटला होता आणि मग तात्पुरता बेली ब्रिज टाकला, म्हणजे रस्ताच नाही तर पूलसुद्धा गृहीत धरायचा नाही, निघायच्या आठवडाभर आधी तिथल्या एखाद्या हॉटेलवाल्याला फोन करून विचारायचं. पेपर वाचून, यूट्यूब बघून कळत नाही ते तो एका वाक्यात सांगतो.

चालण्याचं सांगते कारण लेखात 'सोपा ट्रेक' म्हटलंय. गोविंदघाट हेच मुळात १८०० मीटरच्या आसपास आहे, आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच टोकापेक्षा वरून चालायला सुरुवात होते आणि तिथून हजार मीटरच्या वर चढून घांघरिया, ते ३००० च्या वर. वाट चांगली आहे, दगडी, रुंद, चुकायची भीती नाही, पण खच्चरं सतत येत-जात असतात आणि त्यांच्या लिदीत पावसाचं पाणी मिसळून जो काही लगदा होतो त्यावर बूट घसरतात. खच्चर येताना नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही, हे मला एका सरदारजी आजोबांनी हात धरून बाजूला ओढून शिकवलं. सत्तरीचे असतील, अनवाणी, हेमकुंडला निघालेले, ओठावर सतत 'वाहेगुरू'. आणि आम्ही मागून ट्रेकिंग पोल टेकत.

रोज अजिंक्यतारा चढतो त्याचा फायदा झाला, नाही म्हणत नाही. पण पायातला दम आणि विरळ हवा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेमकुंड चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे, घांघरियाहून सहा किलोमीटरचा सरळ उभा चढ, आणि वर रात्री राहता येत नाही, दुपारी उतरायलाच लागतं. आमच्यातले सगळ्यात फिट जे आहेत, बासष्ट वर्षांचे, अजूनही सायकलवर पाचगणी करतात, त्यांचंच डोकं वर पोचता-पोचता ठणकायला लागलं, मग उलटी. लंगरमध्ये खिचडी आणि चहा मिळतो, काय चव असते त्या खिचडीला त्या थंडीत, पण त्यांना बघवेना. ताबडतोब उतरवलं, दोन तासांत घांघरिया जवळ आलं तेव्हा हसत होते. आदल्या दोन दिवशी आम्ही दरीत फिरलो होतो म्हणून निदान शरीराला सवय होती. पाच दिवसांच्या प्लॅनमध्ये ही सवय व्हायला वेळच ठेवलेला नाही, एकच दिवस मध्ये आणि लगेच हेमकुंड. ब्रह्मकमळं मात्र हेमकुंडच्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात दिसतात, कड्याकपारीत, ती बघायला तो चढ वसूल आहे. ती तोडून घरी आणणाऱ्या बाईला मी चार शब्द सुनावले, मराठीच होती, म्हणून बोलता आलं.

आता दरी. मी दोन दिवस गेले आत. पहिल्या दिवशी पाऊस, दिवसभर, बारीक, न थांबणारा, आपल्या महाबळेश्वरसारखा. दुसऱ्या दिवशी, म्हणजे वहीतल्या कोऱ्या दिवशी, सकाळी नऊला धुकं वर उचललं गेलं आणि समोरचे डोंगर बर्फासकट उभे राहिले, मध्ये पुष्पावती, आणि मी वाटेतच खाली बसले. संपादक साहेब, ह्या एका सकाळीसाठी दोनदा पैसे भरले मी आणि तिसऱ्यांदाही भरीन.

पण ट्यूलिपसारखा गालिचा डोक्यात घेऊन जाल तर निराश व्हाल, हे लेखात यायला हवं होतं. फुलं मिसळलेली असतात, बरीचशी बोटाच्या नखाएवढी, खाली वाकून बघायची. आम्ही साताऱ्याची माणसं, कास आमच्या दाराशी, त्यामुळे आम्हाला गंमत ही वाटली की ओळखीची घराणी भेटत होती. गुलाबी फुलांचे जे पुरुषभर उंच ताटवे होते ते बघून माझी मैत्रीण ओरडली, अगं हा तर तेरडा! आणि खरंच, तेरड्याच्याच कुळातला तो हिमालयातला भाऊ, फक्त आपला गुडघ्याएवढा आणि हा डोक्याच्या वर. त्याच्या शेंगेला बोट लावलं की फट्कन फुटते, आपल्या तेरड्यासारखीच. कोब्रा लिली म्हणून गाइड लोक जी दाखवतात ती आपल्या सापकांद्याची बहीण. निळी पॉपी मात्र आपल्याकडे काहीच नाही तिच्यासारखं, खडकाच्या कडेला एकेकटी, कागदासारख्या पाकळ्या, मी दोन दिवसांत मोजून सात पाहिल्या.

कासची आठवण आणखी एका कारणाने आली. दरीत काही ठिकाणी एकच उंच पानोळं झाड माजलेलं दिसतं, बाकी काही उगवू देत नाही. अमेला म्हणतात तिकडे, पॉलिगोनमचा प्रकार. वनखातं दरवर्षी उपटून काढतं. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यानंतर तिथल्या गावांच्या मेंढ्या-बकऱ्या आत चरायला जाणं बंद झालं, त्यामुळे हे माजलं असं काही अभ्यासकांचं म्हणणं, दुसऱ्यांचं म्हणणं नाही, कारणं आणखी आहेत. आम्ही हे ऐकून एकमेकांकडे बघितलं. कासला पण लोखंडी कुंपण घातलं, गुरं बंद झाली, मग फुलं कमी आणि गवत जास्त अशी ओरड झाली, शेवटी कुंपण काढलं. दोन्ही जागा जागतिक वारशाच्या यादीत, ती २००५ मध्ये, आपलं कास पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये, आणि दोन्हीकडे प्रश्न तोच, की माणूस आणि त्याची जनावरं किती आत आणि किती बाहेर. ह्यावर तुम्ही एक चांगला लेख छापा ना कोणा वनस्पतीशास्त्राच्या माणसाकडून, आमच्यासारखे वाचतील.

दरीत जरा पुढे गेलं की जोन मार्गारेट लेगची कबर आहे. इंग्लंडहून क्यू गार्डन ह्या वनस्पती उद्यानातर्फे फुलं गोळा करायला आली होती, ४ जुलै १९३९ ला उतारावरून पाय घसरून गेली. दगडावर जन्मसाल १८८५ आहे, म्हणजे ५४ वर्षांची. मी तेव्हा ५८ ची. पाच दिवसांच्या प्लॅनमध्ये तिथपर्यंत कोणी पोचत नाही, सगळे पहिल्या मोकळ्या जागेत फोटो काढून परत फिरतात कारण पाचच्या आत बाहेर पडायचं असतं आणि आत मुक्काम करायला बंदी आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय कोणीच नव्हतं. अर्धा तास बसलो. बँकवालेसुद्धा गप्प होते.

आणि ज्याच्यामुळे ह्या दरीचं नाव जगभर झालं तो इंग्रज गिर्यारोहक फ्रँक स्माइथ, तो १९३१ मध्ये कामेट शिखर चढून परतताना खराब हवेत ह्या बाजूला उतरला. म्हणजे त्याच्या प्लॅनमध्ये फुलं नव्हतीच मुळात. नंतर १९३७ ला मात्र खास फुलांसाठी आला आणि चांगला मुक्काम ठोकून राहिला. तिथल्या लोकांना दरी आधीपासून माहिती होतीच, ते तिथे जनावरं चारत होते, त्यांना नाव द्यायची गरज पडली नव्हती एवढंच.

खालचा कोरा दिवस राहिला होता तो आम्ही उतरताना भ्यूंडारपाशी खर्च केला. घाई नव्हती म्हणून एका टपरीवर तासभर बसलो, मॅगी आणि चहा. टपरीवाला तिथलाच. त्याने हात करून नदीपलीकडे दाखवलं, तिथे आमचं गाव होतं. जून २०१३ च्या पुरात गाव गेलं. तिथे आता नुसते गोटे, पांढरे, ट्रकएवढे. दरी त्या वर्षी पुढचा सगळा सीझन बंद राहिली. त्यांची पद्धत अशी की उन्हाळ्यात भ्यूंडारला आणि हिवाळ्यात खाली पुलनाला राहायचं, त्या एका रात्रीत वरचं घर संपलं. तो हे सांगताना चहा गाळत होता, आवाजात काही फरक नाही. मग म्हणाला, तुम्ही मराठी लोक चांगले, खूप येता, पण फार पळता. हिंदीत म्हणाला, "आप लोग बहुत भागते हो जी." मी काय बोलणार, २०१७ ला ह्याच टपरीसमोरून मी पळत गेले असणार.

त्यांच्याच गावची समिती ती वाट झाडून स्वच्छ ठेवते. जाताना लोक पातळ प्लॅस्टिकचे रेनकोट घेतात, एका दिवसात फाटतात आणि तिथेच टाकतात, पोतीच्या पोती भरून खाली आणावी लागतात. तेव्हा चांगला पोंचू इथूनच न्या. रोख पैसे न्या, फोनवरचं पेमेंट नेटवर्क असेल तर होतं आणि नेटवर्क त्याच्या मर्जीने असतं. छत्री नेली तरी चालते, आमच्यातल्या एकीने नेली, सगळे हसले, आणि दरीत फुलांचे फोटो काढताना कॅमेऱ्यावर पाणी पडू नये म्हणून सगळ्यांनी तीच मागून घेतली.

मला माहितीये लोक काय म्हणणार. अकरा दिवस कोणाकडे आहेत, रजा मिळत नाही, मुलांच्या शाळा. खरं आहे. मग मी म्हणते दिवस कमी असतील तर ठिकाणं कमी करा, हेमकुंड सोडा, बद्रीनाथ सोडा (तुमच्या लेखात 'जमल्यास बद्रीनाथ व माणा' असंही आहे, कधी जमणार?), पण कोरा दिवस सोडू नका. तेही जमत नसेल तर ह्या वर्षी सप्टेंबरमध्ये आमच्या कासला या, आधी ऑनलाइन बुकिंग करून, आणि दरी निवृत्तीसाठी ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. सात दिवसांत तीन ठिकाणं 'मारून' येण्याची जी आपल्याला सवय लागलीये ती टूरवाल्यांनी लावली की आपण टूरवाल्यांना लावली हे मला सांगता येणार नाही. आमच्या त्या टूरवाल्याला मी नंतर भेटले तेव्हा तो म्हणाला, मॅडम, मी सात दिवस लिहिले तर लोक पाचवाल्याकडे जातात. तेही खरंच असेल.

म्हणूनच तुम्हाला लिहितेय. तो एकटा काही करू शकणार नाही पण तुमच्या पुरवणीत जर दर डोंगरी सहलीच्या लेखात 'किमान इतके दिवस, शिवाय दोन राखीव' असं छापून यायला लागलं तर लोक टूरवाल्याला विचारतील तरी, की राखीव दिवस कुठेत. आणि परतीचं तिकीट शेवटच्या दिवसाच्या रात्रीचं काढू नका हे ठळक टाइपात छापा.

तिघी मैत्रिणींना मी बुकिंग थांबवायला सांगितलंय. एकीने थांबवलं, दुसरी विचार करतेय, तिसरीने लेख वाचून त्याच संध्याकाळी ॲडव्हान्स भरला होता. ती निघण्याआधी माझा पोंचू घेऊन जाणार आहे.

दरीचा फोटो हवा असेल तर माझ्याकडचा पाठवते, फुकट छापा. धुकं आहे, आमचे हे लाल टोपी घालून मध्येच आलेत, बाजूला तो डोक्याएवढा तेरडा. फोकस जरा हललाय पण जागा तीच आहे.

आपली,
एक जुनी वाचक,
सातारा